खांब उभे राहण्याआधी

कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका सुमारे 14 किलोमीटरची. तिच्यावर अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे चिखलोली हे नवे स्थानक येऊ घातले आहे. कांजूरमार्गहून बदलापूरला येणारी मेट्रो 14 नियोजनात आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात एवढे काँक्रीट ओतले जाणार असताना कलेचा विचार कधी होतो? बहुधा सगळे उरकल्यावर, उद्‌घाटनाच्या तोंडावर.

या 'नंतर रंगवू'ची चांगली उदाहरणेही आहेत. चंद्रपूर आणि बल्लारशाह स्थानकांवर ताडोबाचे वन्यजीवन चितारले गेले आणि 2018 मध्ये ती देशातली सर्वांत सुंदर स्थानके ठरली. त्या भिंतींना जागेचा संदर्भ होता. एरवी दिसतात त्या कुठल्याही गावात खपतील अशा भिंती: फुलपाखरे, स्वच्छतेच्या घोषणा आणि सरसकट वारली. बदलापूरच्या आसपास पाडे ठाकूर-कातकऱ्यांचे आहेत. तिथेही डहाणू-जव्हारकडची वारली उमटली, तर ती कोणाची ओळख? शिवाय तैलरंग दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे धरतो आणि मोक्याची भिंत जाहिरातीकडे जाते.

दुसरी परंपरा आपल्याच मार्गाच्या टोकाला उभी आहे. 1878 ते 1888 या काळात बांधलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. बांधकाम आणि कला तिथे बरोबरीने वाढली. मुंबई विमानतळाच्या टी-2 मध्ये 2014 साली राजीव सेठींच्या कल्पनेतून सुमारे तीन किलोमीटरची कलाभिंत साकारली. स्टॉकहोमच्या मेट्रोत तर शंभरपैकी नव्वदहून अधिक स्थानकांत कलाकृती आहेत. म्हणजे हे जमते. आपल्याकडे अलीकडे ते विमानाच्या प्रवाशासाठी जमले, लोकलच्या नाही.

खरा धडा मात्र अंबरनाथलाच आहे. शके 982, म्हणजे 1060 मधल्या शिलाहारकालीन शिवमंदिरात शिल्प भिंतीवर बसवलेले नाही, भिंतच शिल्पातून उभी राहिली आहे. स्थानकालाही हेच लागू होते. सकाळच्या गर्दीत चित्रासमोर थांबायला कोणाला सवड? कलेने जिना, कठडा, छत, फरशी यांतूनच भेटले पाहिजे. सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या उल्हासनगरच्या स्थानकाला सिंधच्या निळ्या झिलईच्या, 'काशी' म्हटल्या जाणाऱ्या फरशांची परंपरा आठवता येईल. त्या फरशा पुसताही येतात, हा पान-गुटख्याच्या प्रदेशात मोठाच गुण. पण प्रत्येक गावाला एकेक चिन्ह वाटून दिले, तर तोही नवा साचाच होईल.

म्हणून मागणी साधी आहे. स्थानकाचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याशेजारी पहिल्या दिवसापासून चित्रकार-शिल्पकार बसावा, त्याचे मानधन आणि कामाच्या देखभालीचा खर्च मूळ निविदेतच असावा. चिखलोलीपासून सुरुवात करायला हरकत नाही. सुशोभीकरणाच्या शिल्लक निधीतून आजवर रंगरंगोटी झाली. कला क्वचितच झाली.