‘पण लक्षांत कोण घेतो?’ आणि सुधारणेची हप्तेबंदी

राज्यसत्तेकडून सुधारणा हप्तेबंदीनें मिळाल्या तर त्या टिकाऊ होतात काय, हा प्रश्न आपण इतिहासकारांना विचारतों. तोच हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीस विचारला, तर अधिक उद्बोधक उत्तर मिळतें.

ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रांतून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. तिचीं प्रकरणें वाचकांच्या हातीं पडत असतांनाच, १८९१ सालीं, कायद्यानें मुलीच्या संमतीचें वय १० वरून १२ झालें. पुनर्विवाहाची वाट तर १८५६ च्या कायद्यानेंच मोकळी केली होती. तथापि शंकरमामंजींच्या कारस्थानानें यमूचें बळजबरीनें केशवपन होतें, तेव्हां त्या मोकळ्या वाटेचा तिला कांहींएक उपयोग होत नाहीं.

क्रांतिवादी म्हणेल, ठिगळें लावून वस्त्र नवें होत नसतें. या आक्षेपांत तथ्य आहे. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क १८५६ च्या त्याच कायद्यानें काढून घेतला होता. परंतु पुढील इतिहासही पाहिला पाहिजे. १८९१ च्या कायद्यानें लग्नाच्या वयास हात लावला नव्हता. १९२९ च्या सारडा कायद्यानें तो लावून मुलींसाठीं १४ वर्षांची मर्यादा घातली, आणि १९७८ मध्यें ती १८ झाली. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवेचा वारसा पूर्ण मालकीचा झाला. पाउलें तोकडीं खरीं, पण त्यांची दिशा एकच होती.

शंकरमामंजींचें चित्र फारच काळ्या रंगांत रंगविलें आहे, विस्तारही कोठें कोठें कंटाळवाणा होतो. हे दोष मान्य केले पाहिजेत. असें असूनही कादंबरी जिवंत राहिली, कारण माजघरांतील नित्याचा जुलूम यमू स्वतःच्या घरगुती भाषेंत सांगते. आमच्या मतें शीर्षकांतील प्रश्न सरकारापेक्षां घरांतील कर्त्या पुरुषांना अधिक लागू आहे. कायदा कडी काढूं शकतो. उंबरठा ओलांडूं देण्याची बुद्धि घरच्यांनाच व्हावी लागते.

म्हणून क्रमिक सुधारणा व्यर्थ म्हणतां येत नाहीं, आणि पुरेशीही म्हणतां येत नाहीं. मिळालेल्या हक्काच्या पाठोपाठ पुढची मागणी उभी राहिली तरच तो टिकतो. पहिला हप्ता हातीं येतांच जो समाज सबंध देण्याची पावती लिहून मोकळा होतो, त्यानें बाकीची आशा धरूं नये.