प्रतापसिंह महाराज व वेदोक्ताचा वाद : एक परीक्षण

साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ सालीं पदच्युत कां झाले, या प्रश्नाचीं दोन उत्तरें आढळतात. केशव सीताराम ठाकरे यांनीं ‘हिंदवी स्वराज्याचा खून’ (१९२२) या पुस्तकांत त्याचें मूळ ग्रामण्याच्या तंट्यांत व प्रतिपक्षाच्या कारस्थानांत दाखविलें. दुसरें मत असें कीं, जहागिरदारांवरील हुकमतीविषयीं मुंबई सरकाराशीं पडलेलें वितुष्ट हेंच खरें कारण. दोन्ही मतांत तथ्यांश आहे; परंतु त्यांचा सांधा, आमच्या मतें, १८१९ च्या तहांत आहे.

वादाचा विषय सर्वश्रुत आहे. मराठे व चांद्रसेनीय कायस्थ प्रभु यांस वेदोक्त कर्माचा अधिकार आहे कीं नाहीं ? कलियुगांत आद्य व अन्त्य असे दोनच वर्ण उरले, हा विरुद्ध पक्षाचा मुख्य सिद्धान्त. तो मान्य केल्यास थोरल्या महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्याच मुळाशीं घाव बसतो. म्हणून १८३० सालीं साताऱ्यास सभा भरली. महाराजांची बाजू आबा पारसनीस यांनीं मांडली व निर्णय तिला अनुकूल लागला. येथें एक दोष मात्र झांकतां येत नाहीं. ज्यांच्या कुळाचा वर्ण वादांत होता, तेच सभेचे यजमान होते. असा निर्णय प्रतिपक्षानें मानावा तरी कसा ?

मानविण्याचें सामर्थ्यही नव्हतें. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें सह्याद्रीपासून पूर्वेकडील मुलूख महाराजांस मिळाला. कोयनाकांठचें पाटण त्यांच्या अमलांत आलें. परंतु विरुद्ध पक्षाचे धुरीण चिंतामणराव पटवर्धन सांगलीचे अधिपति. त्यांचा करार परभारें इंग्रजांशीं. शिवाय परराज्यांशीं व राज्याबाहेरील सरदारांशीं परस्पर व्यवहार ठेवण्यास महाराजांस तहानेंच मनाई होती. धर्माचा वाद कृष्णा-वारणेच्या सीमा जाणत नव्हता. महाराजांची आज्ञा मात्र त्या ओलांडूं शकत नव्हती.

या ठिकाणीं जर्मनींतील सॅक्सनीचा फ्रेडरिक याचें उदाहरण उद्बोधक आहे. १५२१ सालीं बादशहानें ल्यूथरास बहिष्कृत ठरविलें, तेव्हां फ्रेडरिकानें त्यास वार्टबुर्ग किल्ल्यांत लपविलें. बादशहाच्या निवडणुकींत त्याचें मत होतें, पदरीं स्वतःचें बळ होतें. तरीही धर्मनिर्णय त्यानें स्वतः दिला नाहीं, आणि जुना पंथ उघडपणें बहुतेक मरणकाळापर्यंत (१५२५) सोडला नाहीं. सामर्थ्य असून तो न्यायाधीश झाला नाहीं. प्रतापसिंह सामर्थ्यावांचून न्यायाधीश झाले.

तरी ठाकऱ्यांचें मत जसेंच्या तसें स्वीकारतां येत नाहीं. महाराजांवर ठेवलेले आरोप वेदोक्ताचे नव्हेत. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान व इंग्रजी फौजेंतील शिपायांस फितविणें अशा स्वरूपाचे होते. ग्रामण्यानें महाराजांस चिंतामणराव व बाळाजीपंत नातू यांच्यासारखे वैरी दिले. तहाच्या मनाईनें त्या वैऱ्यांच्या हातीं शस्त्र दिलें. आणि जहागिरींच्या वादानें तें चालविण्यास अनुकूल असें सरकार दिलें. तिन्ही कारणें एकत्र पाहिल्याशिवाय १८३९ चा उलगडा होत नाहीं.