कपाटं उघडली, पुस्तकं सापडली नाहीत

एस. आर. रंगनाथन यांचं 'द फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स' हे पुस्तक 1931 साली मद्रासला प्रसिद्ध झालं. त्यातल्या पाच नियमांपैकी तिसरा मला सगळ्यात अवघड वाटतो. वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं, हे दुसऱ्या नियमात येऊन गेलेलं असतं. तिसरा उलट्या बाजूनं बघतो. कपाटात पडून असलेल्या प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळायला हवा, आणि तो मिळवून देणं हे ग्रंथालयाचं काम. रंगनाथन आधी गणित शिकवायचे. ती सवय इथं दिसते, एका विधानातून ते एकेक निष्कर्ष काढत जातात: वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्या, पुस्तकं विषयवार लावा, सूची करा, वाचकाशी बोलणारा माणूस नेमा.

माझं गाव येडगाव, जुन्नर तालुक्यातलं, कुकडीवरच्या धरणामुळे लोकांना माहीत असलेलं. आमच्या भागातली जी दोन-तीन वाचनालयं मी वापरली, ती या नियमावर घासून बघितली तर काय दिसतं?

पहिली गोष्ट, कुलूप. काचेच्या दारांची लोखंडी कपाटं आणि टेबलाच्या खणात किल्ल्यांचा जुडगा. "तुला काय पायजे ते सांग, काढून देते." हे प्रेमानं म्हटलेलं असतं, पण यात एक अट लपलेली आहे. काय पाहिजे ते मला आधीच माहीत असायला हवं. ज्याच्या घरी पुस्तकं नव्हती, ज्याच्या शाळेत धड्याखालचं लेखकाचं नाव परीक्षेपुरतं होतं, तो काय मागणार? 'मृत्युंजय', 'ययाति', 'श्यामची आई'. म्हणून 'मृत्युंजय'ची बांधणी सुटून तिला चिकटपट्टी लागलेली असते आणि दोन खण खालची पुस्तकं दहा वर्षांनंतरही करकरीत. मोबाइलवरच्या सर्चच्या चौकटीचंही असंच आहे. नाव टाकलं तर पुस्तक येतं, नाव माहीत नसेल तर चौकट रिकामी. आणि जे आपणहून सुचवलं जातं, ते बहुधा आपण कालच बघितलेल्याचं चुलत भावंड असतं.

मग कुलपं काढली की झालं? मुक्तद्वार पद्धतीचं कौतुक करणारे इथंच थांबतात, आणि माझी तक्रार इथूनच सुरू होते. यांतल्या एका वाचनालयात काही वर्षांपूर्वी कपाटं खरंच उघडी झाली. मी तासभर फिरलो. तुकारामांवरच्या ग्रंथाशेजारी लोणच्यांचं पुस्तक, त्याला लागून पोलीस भरतीचं गाईड, मग एक कवितासंग्रह. पुस्तकं दाखल क्रमांकानं लावलेली होती, म्हणजे ज्या क्रमानं विकत घेतली त्या क्रमानं. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात. काय कधी आलं ते त्यातून कळतं, काय कुठं सापडेल ते कळत नाही. एकाच प्रकाशकाची पुस्तकं सलग ओळीत दिसली की समजावं, इथं अनुदानाचा हप्ता आला होता. धरणातून आवर्तन सुटावं तसा तो येतो आणि मिळेल ते घेतलं जातं.

क्रमांकानं का लावता, असं विचारल्यावर तिथल्या ताईंनी दिलेलं उत्तर मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतं. "तपासणीला साहेब आले की वहीतला नंबर वाचतात. पुस्तक लगेच काढून दाखवावं लागतं." म्हणजे कपाट लावलेलं आहे ते वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसासाठी. रोज येणाऱ्या वाचकाला त्यातून मिळेल ते मिळेल.

विषयवार लावायचं म्हटलं तर ड्युई आहेच, असं कुणी म्हणेल. ड्युईचं दशांश वर्गीकरण 1876 साली अमेरिकेत निघालं. त्यात इंग्रजी साहित्याला 820 हे आख्खं दालन आणि मराठी साहित्याला 891.46 एवढा कोपरा. गावातल्या वाचनालयातली बहुतेक पुस्तकं या एका कोपऱ्यात जातात आणि सगळ्या कादंबऱ्या पुन्हा 891.463 खाली एका ढिगात. भयकथा हवी असलेली मुलगी आणि ग्रामीण कादंबरी हवी असलेले गुरुजी, दोघांना तोच ढीग. नियम पाळला गेला, पुस्तक सापडलं नाही. इथं साधे मराठी गट हवेत: ऐतिहासिक, रहस्य, विनोद, आत्मचरित्रं, शेती.

हे सरकारला कळत नाही असंही नाही. 2017 साली महाबळेश्वर-पाचगणीजवळ भिलारला 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. तिथं एका घरात कविता, दुसऱ्या घरात इतिहास, तिसऱ्यात संतसाहित्य अशी मांडणी आहे. उत्तम मांडणी आहे, कुठल्या दारात शिरायचं ते नवख्यालाही कळतं. पण तिथं जाणाऱ्यात मोठा वाटा पर्यटकांचा. वाचकाचा असा विचार फिरायला आलेल्यांसाठी होतो, आणि गावातल्या सभासदासाठी मात्र दाखल नोंदवही.

कारण पैशात आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967चा. त्यात ग्रंथालय कर नाही. वाचनालयं स्थानिक संस्थांनी चालवायची आणि सरकारनं अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान द्यायचं. 2022 साली 60 टक्के वाढ झाली तेव्हा सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाला वर्षाला 48 हजार मिळू लागले. महिन्याला 4 हजार. यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि ग्रंथपालाचा पगार. रंगनाथन यांचा वाचकाशी बोलणारा, नियमित पगाराचा ग्रंथपाल या आकड्यात बसत नाही.

तरीही तो असतो, हे आश्चर्य. सूची नसलेल्या त्या वाचनालयात सूची म्हणजे ताईच. "मागच्या वेळी ते नदीवरचं आवडलं होतं ना, मग हे ने." कुणाच्या सासूला देवाधर्माचं लागतं, कोण पुस्तकाची पानं दुमडतो, कुठली कादंबरी कुठल्या कपाटात मागच्या रांगेत गेलीय, सगळं त्यांच्या डोक्यात. ताईंनी काम सोडलं की दुसऱ्या दिवशी पुस्तकं तेवढीच राहतील, पण त्यांतली निम्मी कुणाला सापडणार नाहीत. हा डेटा आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठंच नाही.

त्या वाचनालयात तिसरा नियम एकाच जागी पाळला जाताना मी बघितला. देवघेवीच्या टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा असतो. कपाटाकडे न वळणारी माणसंही तो चाळतात, कारण कुणीतरी ते वाचून आणून दिलंय हे त्यांना माहीत असतं. लेखकाचं नाव ठाऊक असावं लागत नाही. कॉलेजातली एक मुलगी त्यातून अशी एक आत्मकथा घेऊन गेली, जी कपाटातून कुणी नावानं मागितल्याचं ताईंना आठवत नव्हतं. ताई तो गठ्ठा दोन-दोन दिवस जागेवर लावत नाहीत. मधे एखादं कुणी न नेलेलं पुस्तकही सरकवून देतात. तपासणीचा दिवस ठरला की मात्र टेबल रिकामं होतं.