८:२:१ चा आग्रह आणि एम्बरीचं पुस्तक

घरी कॉकटेल बनवायला सुरुवात करणाऱ्यांना आजही एक जुनं पुस्तक सुचवलं जातं: डेव्हिड एम्बरी यांचं 'द फाइन आर्ट ऑफ मिक्सिंग ड्रिंक्स' (१९४८). एम्बरी बारटेंडर नव्हते; न्यूयॉर्कमधले वकील, हौशी माणूस. ते आधी फक्त सहा पेयं शिकवतात: मार्टिनी, मॅनहॅटन, ओल्ड फॅशन्ड, डाइकिरी, साइडकार आणि जॅक रोझ. प्रत्येकात मूळ मद्य कोणतं, त्याला वळण देणारा घटक कोणता आणि रंग-स्वादापुरतं काय, हे वेगळं करून दाखवतात. दोनशे पेपर पाठ करण्यापेक्षा पाच-सहा मॉडेल नीट समजून घ्या, असं गाईड सांगतात ना, तेच हे. पुस्तकाचा हा भाग मला खरोखर आवडतो.

गडबड पुढे आहे. आंबट-गोड पेयांसाठी एम्बरी ८ भाग मद्य, २ भाग लिंबू आणि १ भाग गोड असं प्रमाण धरतात, आणि तेच सगळीकडे लावतात. आता बघा, डाइकिरीत गोड म्हणजे साखरेचा पाक, जॅक रोझमध्ये ग्रेनाडिन आणि साइडकारमध्ये क्वान्त्रो. क्वान्त्रो तर स्वतःच ४० टक्के अल्कोहोलचं मद्य आहे! 'एक भाग' तिन्हीकडे सारखा कसा? एकक जुळलं की राशी जुळली असं समजायचा हा प्रकार आहे. पाकसुद्धा १:१ चा की २:१ चा, यावर गोडी बदलते. आजच्या बऱ्याच रेसिपींमध्ये लिंबू आणि पाक दोन्ही यापेक्षा जास्त असतात, ते उगाच नाही.

दुसरं म्हणजे बर्फ. १ ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ ज्यूल उष्णता घेतो. तेवढ्यात ८० ग्रॅम पाणी जवळपास १ अंशाने थंड होतं. म्हणजे थंडावा हवा तर पाणी मिसळणारच. हा चौथा घटक ८:२:१ मध्ये नाहीच. डेव्ह अर्नल्ड यांचं 'लिक्विड इंटेलिजन्स' (२०१४) हे पुस्तक इथे कितीतरी पुढे आहे, कारण ते थर्मामीटर आणि वजनकाटा घेऊन बसतं. फक्त त्यातली उपकरणं बघून नवखा माणूस घाबरेल, एवढंच.

तपासायचं असेल तर रम ६० मिली ठेवा. एका ग्लासात लिंबू १५ आणि पाक ७.५, दुसऱ्यात दोन्ही २२. सगळी लिंबं एकाच भांड्यात पिळून मग वाटा, नाहीतर लिंबागणिक आंबटपणा बदलेल. बर्फ सारखा, हलवायची वेळ सारखी, १२ सेकंद. गाळलेल्या पेयाच्या वजनातून घटकांचं वजन वजा केलं की वितळलेलं पाणी मिळतं. बर्फाला चिकटून राहिलेलं थोडं सुटतं, ती तुमची एरर. (महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वय २५ आणि परवाना लागतो. पाण्याचं मोजमाप लिंबू सरबतावरही होतं, फक्त ते रमच्या पेयासारखं शून्याखाली फारसं जाणार नाही.) ग्लासांवर खुणा मात्र दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. कारण एम्बरींचं ८:२:१ ही त्यांच्या जिभेची आवड आहे, आणि ते ती नियमाच्या सुरात सांगतात.