मिसरूड फुटण्याच्या गोष्टी

तेरा ते अठरा वयाच्या वाचकासाठी मराठी पुस्तक शोधायला निघा. ग्रंथालयात एक कपाट बालसाहित्याचं असतं, दुसरं मोठ्यांच्या कादंबऱ्यांचं. मधलं कपाट नसतंच. साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार २०१० पासून आहे आणि युवा पुरस्कार २०११ पासून. पण युवा पुरस्कारातला 'युवा' म्हणजे पस्तिशीच्या आतला लेखक, त्यात वाचकाच्या वयाचा विचार नाही. दहावीचा मुलगा दोन्ही घरी पाहुणाच.

तरी जळगाव-धुळ्याच्या वाचकाने याबद्दल गळा काढावा अशी परिस्थिती नाही. या वयाच्या मराठी गोष्टीची दोन टोकं आपल्याच अंगणात रोवलेली आहेत. एक अमळनेरला, दुसरं यावल तालुक्यातल्या सांगवीला. नव्या पुस्तकांचा कस लावायचा तर तो या दोन टोकांच्या मध्येच लावावा लागतो.

अमळनेरचं टोक साने गुरुजींचं. १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत ते तिथे शिक्षक होते आणि छात्रालयातल्या मुलांमध्येच राहत होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं त्यांनी टिपून घेतली आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आई कोकणातली असली, तरी ज्या मुलांना ती सांगावीशी वाटली त्यांच्यात आमची मुलं पहिल्या रांगेत होती, असं मला नेहमी वाटतं.

त्यातला पायांचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. श्यामची अंघोळ झाली आहे, ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून तो अडून बसतो आणि आईला लुगड्याचे ओचे धोंडीवर पसरायला लावतो. आई पसरते. मग ती त्याला म्हणते की पायांना जपतोस तसं मनालाही जप. पाठ्यपुस्तकांनी आणि भाषणांनी यातलं दुसरं वाक्य तेवढं उचललं. साहित्य आहे ते आधीच्या कृतीत. मुलाचा हट्ट वेडगळ आहे, आईला कामं पडलेली आहेत, तरी ती वाकते आणि नेसत्या वस्त्राची पायघडी करते. उपदेश गाळला तरी प्रसंग जसाच्या तसा उभा राहतो. प्रसंग गाळून उपदेश ठेवला तर उरतो तो भिंतीवरचा सुविचार. गुरुजींच्या मागून आलेल्या शेकडो संस्कारकथांनी नेमका हा सुविचारच वारसा म्हणून घेतला, आणि मराठी किशोरकथेचं पहिलं मोठं नुकसान तिथे झालं.

श्याम सगळं सांगतो, कारण तो मोठा होऊन, मित्रांना जवळ बसवून, मागे वळून बोलतो आहे. चूक कोणती आणि बरोबर काय, याचा निवाडा त्याच्यापुरता आधीच झाला आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी असा निवाडा झालेला नसतो. त्या वयाचं पोर बोलतं ते बहुतेक वेळा खरी गोष्ट झाकण्यासाठी. हे झाकणं ज्या लेखकाला लिहिता येतं, त्याचीच कादंबरी या वयाला लागू पडते. माझी कसोटी एवढीच.

दुसरं, सांगवीचं टोक भालचंद्र नेमाड्यांचं. 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, तेव्हा लेखक पंचविशीत होता आणि नायकही. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला कॉलेजात जातो. होस्टेल, मेस, गॅदरिंग, परीक्षा, मित्र हे सगळं तो टवाळीच्या सुरात सांगत सुटतो. पहिली शंभर पानं हसवणारी आहेत आणि बरेच तरुण वाचक तेवढ्यावरच खूश असतात. पण कादंबरीचा जीव मनीच्या मृत्यूत आहे.

धाकटी बहीण जाते आणि पांडुरंगाची टवाळी एकदम लटपटते. तो सरळ रडत नाही. मनीच्या बारीकसारीक आठवणी उकरत राहतो, मध्येच कुणावर तरी भडकतो, आणि एके ठिकाणी असा विचार करतो की तिच्याबरोबर तिच्या पोटी येणारी पुढची सगळी रांगही गेली, म्हणजे तेवढ्या जिवांचं दुःख वाचलं. हा हिशेब क्रूर आहे. विशीतल्या मुलाला तो सुचतो, कारण सरळ शोक करणं त्याला जमत नाही आणि तत्त्वज्ञानाच्या आडून करता येतं. त्या पानांवर लेखक त्याला सावरायला येत नाही, समजूत घालत नाही, वडीलधाऱ्या कुणाच्या तोंडून शहाणपणही वदवत नाही. श्यामच्या आईने ओचे पसरले तेव्हा जे वाटतं, ते इथे कुणीच न वाकल्यामुळे वाटतं.

'कोसला' विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जाऊन बसली आणि तिच्यावर अस्तित्ववादाची वगैरे लेबलं चिकटली. त्यात तिचा मूळ वाचक हरवला. जळगावच्या स्टँडवर ट्रंक घेऊन पुण्याची एसटी धरणारं पोर हा तो वाचक. आता ट्रंकेऐवजी सॅक असते, एवढाच फरक. ही कादंबरी बी.ए.च्या प्रश्नपत्रिकेसाठी वाचण्यापेक्षा बारावीच्या सुट्टीत वाचावी.

या दोन टोकांनंतरचं सगळ्यात भरीव काम माझ्या मते प्रकाश नारायण संत आणि मिलिंद बोकील यांचं. संतांचा लंपन 'वनवास'मधून १९९४ साली आला. कानडी मुलखाच्या कडेला आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा भावनेची वेळ आली की स्वतःला 'मॅड' ठरवून मोकळा होतो. आईबापांपासून दूर राहण्याचं दुःख तो नाव घेऊन क्वचितच सांगतो, ते आवाज, वास आणि संगीत यांतून झिरपतं.

बोकिलांची 'शाळा' २००४ ची, मौजेने काढलेली. नववीतला मुकुंद जोशी, त्याची टोळी आणि आणीबाणीचे दिवस. या कादंबरीची सगळी करामत एका साध्या गोष्टीत आहे: मुकुंदला जी मुलगी आवडते ती त्याच्यासाठी, आणि म्हणून आपल्यासाठीही, फक्त 'शिरोडकर' आहे. हजेरीपटावरचं आडनाव. ते तोंडातून निघालं तरी वर्ग कान टवकारतो, म्हणून मुकुंद तिच्याविषयी बोलतो ते आडवळणाने. त्याचा मित्र सुऱ्या मात्र धडक देतो, केवडा या मुलीला थेट विचारतो आणि प्रकरण वरपर्यंत जातं. दोन मित्रांच्या या दोन तऱ्हांमध्ये बोकील नववीचं अख्खं वर्ष पकडतात. बाहेर देशात बोलायची चोरी, आत वर्गातही बोलायची चोरी. आणि हे साम्य लेखक एकदाही बोट ठेवून दाखवत नाही. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंदसमोर दहावी उरते. त्यावर लेखकाची टिप्पणी नाही. २०१२ साली आलेला सुजय डहाकेंचा चित्रपट चांगलाच होता, पण कॅमेऱ्याला शिरोडकर दाखवावीच लागते. पुस्तकात ती प्रत्येक वाचकाच्या नववीच्या वर्गातली कुणीतरी असते.

दोषही सांगायला हवेत. 'शाळा'तल्या मास्तरांच्या नकला मध्ये मध्ये लांबतात. त्याहून मोठी अडचण अशी की शिरोडकरला काय वाटत होतं, हे आपल्याला कधीच कळत नाही. मनीही भावाच्या नजरेतूनच दिसते. मराठीतली या वयाची थोर पुस्तकं मिसरूड फुटण्याच्या गोष्टी आहेत. पाळी सुरू झाल्यावर जिचं मैदान सुटतं, त्या मुलीची तेवढ्याच ताकदीची कादंबरी माझ्या वाचनात नाही.

अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार मिळालेल्या अलीकडच्या पुस्तकांकडे मी आशेने पाहतो. ल. म. कडूंची 'खारीच्या वाटा' (पुरस्कार २०१७) ही धरणाखाली जाणाऱ्या गावाची गोष्ट या यादीत मला सर्वांत उजवी वाटते, कारण विस्थापनाचं भाषण न करता ती पोराच्या पायवाटा दाखवते. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२) मुलीच्या हाती वही देते, ही मोठी गोष्ट. पण ती धाकट्या वाचकांची. भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४) भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या वाटेवरची. रहस्याची गोडी लावायला ती वाट उत्तम आहे, पण पंधराव्या वर्षीचं खरं रहस्य बंगल्यात नसतं. खानदेशापुरता आनंद म्हणजे आबा महाजन यांच्या 'आबाची गोष्ट'ला २०२० चा पुरस्कार मिळाला.

एवढ्यावर भागणार नाही. कडूंनी लिहिली तशी गोष्ट आपल्याकडे घरोघर होती. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या अक्कलकुवा-धडगावच्या पट्ट्यातली गावं सरदार सरोवरात गेली, तिथली पोरं नव्या वसाहतींतल्या नव्या शाळांत बसली. चोपड्याची केळीच्या बागेत राबून कॉलेज करणारी मुलगी, घरी अहिराणी आणि वर्गात प्रमाण मराठी बोलणारा साक्रीचा मुलगा, लेवा गणबोलीतून मोबाइलवर भांडणारी रावेरची भावंडं ही सगळी अजून पुस्तकाबाहेर आहेत. त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या, आणि मुख्य म्हणजे त्यांना सगळं बोलायला लावू नका.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. आठवीत लंपन द्या, नववीत 'शाळा', बारावीनंतर 'कोसला'. आणि 'श्यामची आई' पुन्हा काढाल तेव्हा त्यातला बोध विचारू नका, धोंडीवर ओचे पसरणारी बाई तेवढी मुलांना दिसू द्या. पुस्तक वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलास?' हा प्रश्न जी शाळा विचारायचं सोडेल, त्या शाळेत वाचक तयार होतील.