सद्भाव आणि दक्षता

नारायणगावच्या टोमॅटो-बाजारातील हमालाने, मापाडी तोलात लबाडी करतो, अशी तक्रार बाजार समितीच्या सचिवाकडे केली, तर ती बदनामी ठरेल काय? इंग्लिश न्यायतत्त्वानुसार अशा तक्रारीस मर्यादित विशेषाधिकार असतो. मनात द्वेष नसल्यास प्रामाणिक समजूत पुरते. १८६०च्या दंड संहितेतील आठव्या अपवादास मात्र ‘सद्भाव’ हवा, आणि कलम ५२ प्रमाणे योग्य दक्षतेवाचून सद्भाव नाही. २०२३च्या न्याय संहितेतही हेच कायम आहे. परंतु हिशेबवही पाहण्याचा अधिकार नसलेल्या हमालाकडून व्यवस्थापकाइतक्या चौकशीची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे. हरभजनसिंग खटल्यात (१९६५) सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी परिस्थिती व व्यक्तीची कुवत विचारात घेतली, ती याचसाठी. तक्रार खोटी ठरली, एवढ्यावरून तक्रारदार गुन्हेगार ठरू नये.