दहा पेसेतांची मोड

जॉर्ज ऑर्वेलच्या 'होमेज टू कॅटलोनिया' (१९३८) या पुस्तकाची चर्चा होते ती बहुधा त्यातील राजकारणापुरती. त्यातील एका लहानशा परिच्छेदाकडे मला येथे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. मे १९३७ मधील चकमकींच्या आगेमागे बार्सिलोनावर जे सावट पसरले होते त्याचे वर्णन करताना ऑर्वेल मध्येच सुट्या पैशांच्या टंचाईकडे वळतो. चांदीची नाणी चलनातून गेलेली. दहा सेंतिमांचे नाणे आणि अडीच पेसेतांची नोट यांच्यामध्ये काहीच नाही, आणि दहा पेसेतांखालच्या नोटाही दुर्मिळ. जवळ दहाची एकुलती एक नोट असलेली बाई वाण्याच्या दुकानापुढे तासन्‌तास तिष्ठते आणि रिकाम्या हाताने परतते. कारण दुकानदाराकडे मोड नसते आणि सबंध नोट खर्चण्याची तिची ऐपत नसते.

यादवी युद्धात चलन कोलमडते म्हणजे नेमके काय होते, ते या बाईच्या हातातल्या नोटेइतके स्वच्छ कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. तरीही परिच्छेद अपुरा राहतो. ही अडीच पेसेतांची नोट कोणाची? ती माद्रिदची नव्हे. कॅटलोनियाच्या प्रादेशिक सरकारने १९३६ मध्ये अडीच, पाच आणि दहा पेसेतांच्या नोटा काढल्या होत्या. त्याखालची पोकळी शेकडो नगरपालिकांनी आपापल्या परीने भरून काढली. पंचवीस सेंतिम, पन्नास सेंतिम, एक पेसेता अशा किमतीचे, गावच्या कारभाऱ्यांच्या सह्यांचे आणि पालिकेच्या शिक्क्याचे हे कागद. कॅटलोनियात त्यांवरचा मजकूर पुष्कळदा कॅटलन भाषेत असे. सही करणारा माणूस ओळखीचा, म्हणून कागद चालायचा. आणि तो ओळखीचा नसेल तिथे, म्हणजे वेशीपलीकडे, सहसा चालत नसे. (दुसऱ्या महायुद्धात खुर्दा आटला तेव्हा काठेवाडातील मोरवी, जुनागढ आदी संस्थानांनी कॅश कूपने काढली होती. बडोद्याच्या वाचकांना म्हणून हा प्रकार अगदीच परका वाटू नये.)

ऑर्वेल टंचाईचे खापर नवी नाणी न निघण्यावर फोडतो, आणि ते खोटे नाही. पण त्यामुळे ती बाई केवळ वरच्यांच्या ढिलाईची बळी उरते. रांग त्याला दिसली. रांगेतल्यांसाठी खुर्दा छापून घेणारा गावचा कारभारी या परिच्छेदात कोठेच नाही. सामान्य माणसाच्या व्यवहारबुद्धीवर एरवी एवढा विश्वास टाकणाऱ्या लेखकाकडून हे निसटावे, याचे नवल वाटते. तो आघाडीवर होता किंवा मोठ्या शहरात, हे अर्थात त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

१९३८ च्या आरंभी प्रजासत्ताक सरकारने या स्थानिक नोटांना बंदी केली आणि त्यांच्या जागी टपालाची तिकिटे चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या आणल्या. ऑर्वेल जून १९३७ मध्येच स्पेनमधून निसटला होता, तेव्हा त्या चकत्या त्याच्या अनुभवात येणे शक्य नव्हते. गावांच्या नोटा मात्र येऊ शकल्या असत्या.